ब्लेझरची टाकी, सी-10 च्या हौद्याखाली

जुन्या शेवरले सी-10 ला फ्युएल इंजेक्शन बसवायचं असेल तर थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात हवा आणि पेट्रोल सोडणारा भाग) डोकं खपवण्याआधी टाकी ठरवा. मी माझ्या 1971 च्या पिकअपला 1987 ते 91 च्या ब्लेझरची (शेवरलेचीच एसयूव्ही) टाकी बसवली आणि ती मला मनापासून आवडली आहे.

1967 ते 72 च्या सी-10 मध्ये टाकी सीटच्या मागे, चक्क केबिनच्या आत असते. कार्बोरेटरला पेट्रोलचा 5 ते 7 पीएसआय (दाबाचं एकक) दाब पुरतो, तेव्हा ते चालून गेलं. मी घेतलेली होली स्नायपर ही इंजेक्शनची किट 58 पीएसआयच्या आसपास चालते. एवढ्या दाबाचे जोड पाठीमागे आणि शेजारी माझी मुलगी, हे मला अजिबात मान्य नव्हतं. ब्लेझरची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे, चेसिसच्या दोन दांड्यांमध्ये बसते. केबिनमधला पेट्रोलचा वास गेला, हीच माझ्या दृष्टीने पैसे वसूल करणारी गोष्ट.

बरेच जण जुनी टाकी तशीच ठेवून चेसिसला बाहेरचा पंप लावतात. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे, निदान आमच्या फीनिक्सच्या उन्हाळ्यात तरी. हे पंप पेट्रोल ढकलतात झकास, पण ओढायला कच्चे. गरम पेट्रोल ओढताना त्याची वाफ होते, पंप किंचाळतो आणि दाब पडतो. टाकीत बुडालेला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, आवाजही जवळजवळ येत नाही. शिवाय कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असतो, इंजेक्शनला तो नाही. टाकी अर्ध्याखाली असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की इंजिन लगेच खोकतं. इंजेक्शनवाल्या टाकीत पंपाभोवती आडभिंत असते, त्यामुळे हायवेच्या गोल रॅम्पवरही गाडी एकदाही अडखळली नाही.

पंप मात्र बदलावाच लागतो. ब्लेझरचं मूळ इंजेक्शन 9 ते 13 पीएसआयचं, त्यामुळे तो पंप इथे उपयोगाचा नाही. मी ताशी 255 लिटरचा घातला. माझं 350 घन इंचाचं इंजिन 300 हॉर्सपॉवर धरलं, तर दर हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पाउंड पेट्रोल या हिशेबाने 150 पाउंड, म्हणजे 25 गॅलन, साधारण 95 लिटर. दाबाखाली पंपाचा प्रवाह घटतो, तरी भरपूर उरतं. उरलेलं पेट्रोल परत टाकीत यायला हवं, आणि ब्लेझरच्या सेंडरला (पंप आणि इंधनकाट्याचा तरंगा धरणारा, टाकीत बसणारा भाग) रिटर्नची नळी मुळातच आहे. वेगळं भोक पाडायची गरज नाही.

एक जागा नीट बघा. सेंडरवर पंप आणि लोखंडी नळी यांच्यामध्ये कंपनीने एक छोटा गोल पल्सेटर (पंपाच्या दाबाचे हिसके शमवणारा भाग) दिलेला असतो. कमी दाबाला तो ठीक, 58 ला तो टाकीच्या आतच गळतो आणि मग लोक पंपाला दोष देत बसतात. तो काढून तिथे 30आर10 दर्जाच्या, पेट्रोलमध्ये बुडवता येणाऱ्या नळीचा तुकडा आणि इंजेक्शनचे क्लॅम्प लावा. 30आर9 लिहिलेली नळी चांगली असते, पण ती पेट्रोलमध्ये बुडवण्यासाठी नाही. आतल्या नळीवर 10 हाच आकडा वाचून घ्या.

जुना इंधनकाटाही चालतो, कारण दोन्हीकडे 0 ते 90 ओहमचाच हिशेब आहे. हे छोटं सुख मला फार मोलाचं वाटतं. डॅशबोर्डला हात लावावा लागला नाही.

त्रास दोन. स्टेपनीची जागा जाते. आणि पेट्रोल भरायचं तोंड नव्याने काढावं लागतं: हौद्याच्या कडेला कापा किंवा तळाला झाकण करा. मी तळाला केलं, त्यामुळे हौदा भरलेला असला की आधी सामान सरकवावं लागतं. केबिनवरचं जुनं भोक बुजवायचा पत्र्याचा आणि रंगाचा खर्चही धरा.

विकत घेताना टाकी आणि सेंडर दोन्ही इंजेक्शनच्याच गाडीचे मागा. कार्बोरेटरवाल्या ब्लेझरच्या सेंडरवर पंपाला जागाच नसते.