कोर्टाजवळच्या भाषांतराच्या दुकानाचा अनुभव : दर माफक, शब्द तपासून घ्यावेत

बेळगावच्या न्यायालयाच्या आवाराबाहेर टंकलेखन, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रे आणि भाषांतर ही कामे एकाच छपराखाली करून देणारी दुकाने आहेत. त्यांपैकी एकाचा अलीकडचा अनुभव येथे नोंदवत आहे. तक्रारीचा भाग बराच असल्यामुळे आणि मालक माणूस म्हणून भला असल्यामुळे नाव देत नाही. खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयात ‘वेश्याव्यवसाय कायदेशीर असावा का?’ या विषयावर चर्चा ठेवली होती, आणि एका वकीलबाईंनी त्यासाठी कन्नडमध्ये लिहून दिलेले सात पानांचे टिपण मराठीत करून घेण्याचे काम माझ्याकडे आले. दर पानाला १५० रुपये, मुदत तीन दिवसांची, अर्धी रक्कम आगाऊ.

मजकूर सांगितल्या वेळी तयार होता, छपाई स्वच्छ होती आणि कलमांचे आकडेही बिनचूक होते. मात्र पहिल्याच पानावर ‘लैंगिक कार्यकर्तींना पोलिसांचा त्रास होतो’ असे वाक्य आले आणि मी तिथेच थांबले. मराठीत कार्यकर्ती म्हटले की पक्षाची पत्रके वाटणारी किंवा मोर्चाला बायका गोळा करणारी बाई डोळ्यांपुढे येते. मालकांना विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, आमच्यात आशा कार्यकर्ते, अंगनवाडी कार्यकर्ते म्हणतात की. काम करणारी ती कार्यकर्ते.” त्यांचे म्हणणे कन्नडपुरते खरे होते, शिवाय त्यात वादाची एक बाजूही होती. जे याला श्रम मानतात त्यांना हाच शब्द हवा असतो, आणि जे शोषण मानतात त्यांना कर्नाटक सरकारच्या योजनांमधला ‘दमनित महिळे’, म्हणजे दडपली गेलेली स्त्री, हा शब्द जवळचा वाटेल. मराठीत ‘वेश्या’ ही शिवी होऊन बसली आहे, तरी शेजारच्या सांगलीत याच व्यवसायातील स्त्रियांनी आपल्या संघटनेला ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ असे नाव स्वतःहून दिले आहे. आम्ही अखेर ‘देहविक्रय करणारी स्त्री’ असे ठरवले. मला ते अजूनही पूर्ण पटलेले नाही.

खरी गंभीर चूक पुढे होती. मूळ टिपणात ‘कानूनुबद्ध’ (कायद्याने मान्यता दिलेला) आणि ‘अपराधमुक्त’ (गुन्हा न मानला जाणारा) असे दोन शब्द जाणीवपूर्वक वेगळे वापरले होते, आणि भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘कायदेशीर’ हा एकच शब्द आला होता. त्यामुळे २००२ च्या कायद्याने या व्यवसायाला मान्यता देऊन २०१७ मध्ये नोंदणी सक्तीची करणारा जर्मनी, २००३ मध्ये तो गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढणारा न्यूझीलंड आणि १९९९ पासून विकणारीला सोडून विकत घेणाऱ्यालाच शिक्षा करणारा स्वीडन, हे तिन्ही देश एकाच रांगेत जाऊन बसले. चर्चेला येणाऱ्या माणसाने हे वाचले असते, तर परवाना देणे आणि पोलिसांचा हात काढून घेणे या दोन वेगळ्या मागण्या आहेत, हे त्याला कधीच कळले नसते. माझा कल दुसऱ्या मागणीकडे आहे. नोंदणीचे पुस्तक कोणाच्या हाती राहील, या शंकेने पहिलीची मला धास्ती वाटते.

आपल्याकडचा १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा ज्या परिच्छेदात होता, तो मात्र दुकानाने उत्तम उतरवला होता. प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने देहविक्रय करणे हा मुळात गुन्हा नाही, पण कुंटणखाना चालवणे, दलाली करणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे आणि देऊळ, शाळा किंवा दवाखान्यापासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय करणे हे गुन्हे आहेत, हे त्यात नेमके आले होते. निपाणीसारख्या गावात असे २०० मीटर मोकळे सापडतील कुठे, हा प्रश्न टिपणात नव्हता. तो माझा आहे. कलम ४ नुसार अशा कमाईवर जाणूनबुजून जगणारी १८ वर्षांवरील कोणतीही व्यक्ती दोषी ठरू शकते, म्हणजे आईच्या हातची भाकरी खाणारा कॉलेजातला मुलगाही त्या कक्षेत येऊ शकतो.

सौंदत्तीच्या यल्लम्माचा उल्लेख आला तिथे दुकानाने ‘देवदासी’पुढे कंसात ‘वेश्या’ असे स्वतःच्या मनाने घातले होते, आणि हे मला मुळीच चालले नाही. ‘मुत्तु कट्टुवुदु’चे, म्हणजे मुलगी देवीला वाहण्याच्या विधीचे, ‘मोती बांधणे’ असे शब्दशः रूपांतर झाले होते. आपल्या बाजूला ‘देवीला सोडणे’ म्हणतात. लहानपणी सोडलेल्या मुलीला कोणी विचारलेले नसते, म्हणूनच कर्नाटकाने १९८२ मध्ये असे सोडण्याविरुद्धच स्वतंत्र कायदा केला. तिचा प्रश्न प्रौढ स्त्रीच्या निवडीच्या प्रश्नात मिसळला, की दोन्ही बाजूंचे वक्ते सोयीप्रमाणे बोलायला मोकळे होतात.

शेवटच्या पानावर ‘सर्वोच्च न्यायालयाने वेश्याव्यवसाय कायदेशीर केला’ असा मथळा होता, जो मुळात नव्हताच. न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या त्या आदेशात राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील सन्मानाचा हक्क, पोलिसांची वागणूक, वृत्तपत्रांनी ओळख उघड न करणे आणि राहण्याचा पुरावा नसतानाही आधार कार्ड मिळणे, असे विषय आहेत. मथळा कोठून आला, असे विचारल्यावर मालक हसून म्हणाले, “पेपरात तसंच होतं की.”

त्यांनी सगळी दुरुस्ती पैसे न घेता करून दिली, समोर बसून प्रत्येक शब्दावर वाद घातला आणि मध्ये दोनदा चहाही मागवला. जमिनीचे उतारे, वारसाचे दाखले, प्रतिज्ञापत्रे यांसाठी हे दुकान मी निःशंकपणे सुचवीन. वादाच्या विषयावरचा मजकूर द्यायचा असेल, तर महत्त्वाच्या शब्दांची यादी आधीच लिहून न्यावी आणि दुपारी तीननंतर जावे, कारण त्याआधी वकिलांच्या गर्दीत मालकांना मान वर करायलाही सवड नसते.