म्युनिकमधल्या नसलेल्या खोलीचे २,००,१३६ रुपये

रक्कम आधी सांगतो, कारण पाहुण्यांत 'दीड-दोन लाखाला टोपी बसली म्हणे' असं चाललंय ते मला झोंबतं. गेले ते १,९२० युरो. तीन महिन्यांचं डिपॉझिट १,४४० आणि पहिलं भाडं ४८०. बँकेने त्या दिवशी युरो १०३ रुपये ५० पैशांनी लावला, म्हणजे १,९८,७२० रुपये. वर चार्जेस आणि जीएसटी १,४१६. एकूण २,००,१३६. खोली मिळाली नाही, कारण ती नव्हतीच.

मुलगी सांगलीतच इंजिनिअरिंगला. दोन सेमिस्टरसाठी म्युनिकला निवड झाली, गल्लीत पेढे वाटून झाले. व्हिसा, विमा, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (आधी भरून ठेवायचं, मग महिन्याला ठरावीकच रक्कम सोडणारं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो, सगळं रीतसर झालं. अडलं ते राहायच्या जागेवर. तिथल्या विद्यार्थी वसतिगृहांची वेटिंग लिस्ट सेमिस्टरांत मोजतात, म्हणून पोरीने शेअरिंग फ्लॅटच्या जाहिरातींना मेल पाठवायचा सपाटा लावला. कुणी उत्तर देईना. एकाने दिलं, तेही फार गोड. पुढचं तुम्हाला पाठ असेल: मालक नोकरीनिमित्त दुसऱ्या देशात, खोली दाखवायला कुणी नाही, पैसे भरले की चावी कुरिअरने, आणि भरवसा बसावा म्हणून पासपोर्टचा फोटो. पासपोर्टचा फोटो कुणी पाठवला तर तिथेच थांबा. तो आधीच्या फसलेल्या कुणाचा तरी असू शकतो.

आता सगळे शहाणे विचारतात, "एवढी स्वस्त खोली बघून शंका नाही आली?" अहो, स्वस्त कुणाला? ४८० युरो म्हणजे महिन्याला जवळपास पन्नास हजार रुपये. तेवढ्यात आमच्या विश्रामबागेत अख्खा बंगला भाड्याने मिळेल आणि वर गाडी लावायला जागा. म्युनिकमध्ये शेअरिंगमधली एक खोली ८०० युरोच्या आसपास जाते, हे सांगलीत बसलेल्या माणसाला स्वप्नात कळणार का? मला तर ४८० पण लूट वाटली होती. मी घासाघीस करायला सांगत होतो.

शंका यायला हवी होती ती बँकेत. ती वेळ डोक्यातून जात नाही. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून दिला. काउंटरवरच्या मुलीने आयबीएएन, म्हणजे युरोपातला खातेक्रमांक, टाइप करता करता हात थांबवला आणि म्हणाली, "काका, घर जर्मनीत म्हणालात ना? हा नंबर एलटीने सुरू होतोय. खातं लिथुआनियाचं आहे." जर्मनीचा आयबीएएन डीईने सुरू होतो. तिने फॉर्म माझ्याकडे फिरवून त्या दोन अक्षरांवर पेन टेकवलं. आणि मी काय म्हणालो? "मालक बाहेर असतात हो, तिकडचं असेल. आजचा रेट मिळेल ना?" तिने खांदे उडवले आणि शिक्का मारला. मी हळदीच्या पेठेतला माणूस. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही, आणि इथे दोन लाखांचा माल न बघता उचलला.

पण माझंही ऐका. पोरीने त्या मालकाला त्याच रात्री मेलवर या खात्याबद्दल विचारलं होतं. त्याचं उत्तर: मी ऑनलाइन बँक वापरतो, त्यांचे आयबीएएन लिथुआनियाचे असतात. तशा बँका खरंच आहेत! पत्ता नकाशावर खरा, इमारत खरी. खोटं होतं ते फक्त माणूस आणि खोली. पैसे पोचल्यावर त्याने चावीच्या कुरिअरचा विमा म्हणून आणखी ३५० युरो मागितले, तेव्हा पोर म्हणाली, "पप्पा, चावीला कसला विमा?" ते वाचले. मग तिने खोलीचे फोटो इंटरनेटवर टाकून आणखी कुठे दिसतात ते शोधून बघितलं. तीच खोली भलत्याच शहरात पर्यटकांना रोजाने देतात. हे फोटो शोधायचं काम पैसे भरायच्या आधी करा, फुकटात होतं.

सप्टेंबरच्या शेवटी पोर तिथे उतरली ती ऐन ऑक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे म्युनिकच्या बिअरच्या जत्रेत. प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये सहा जणींच्या खोलीत एका कॉटला रात्रीचे ९२ युरो. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ च निघतात, त्यामुळे आपलेच पैसे असून हात बांधलेले. आणि तिकडे नुसतं राहून भागत नाही. घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो. ज्या घराचा मालक हा कागद देणार नाही, ते घर घेऊच नका.

आता सरकारी पाहुणचार. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. तो घेऊन आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "गुन्हा जर्मनीत झालाय, तिकडे द्या." मुलगी तिथल्या पोलिसांकडे गेली. त्यांनी कागद घेतला, फाइल नंबर दिला आणि सांगितलं की पैसे भारतातून गेलेत, तुमच्या बँकेला विचारा. बँक म्हणाली, एफआयआर आणा. परत ठाण्यात. तिथे मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ काढून दाखवलं, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची आहे. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "वकील आहात का?" नाही हो, अडत्या आहे. शेवटी साधा अर्ज घेऊन पोच दिली. एफआयआर आजही नाही. कॉलेजच्या परदेश विभागाने तर कमालच केली. "सूचनांचा मेल पाठवला होता." तो मेल आम्ही उघडून बघितला. चाळीस पानांच्या जोडपत्रात खोलीबद्दल एकच ओळ: विद्यार्थ्यांनी स्वतः सोय करावी.

आणि हे कुणी आधी सांगितलं नाही: जर्मनीत डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तेही भाडेकरूला तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. चावी हातात नसताना अख्खं डिपॉझिट मागणारा चोर समजा. ऑक्टोबर २०२५ पासून युरो चालणाऱ्या देशांतल्या बँका आपसातल्या ट्रान्सफरला नाव आणि आयबीएएन जुळतं का ते दाखवतात. इथून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून, पाठवताना तसलं काही नाही. म्हणून भाड्याचे पैसे आईबापांनी इथून पाठवूच नयेत, पोरांनी तिथे जाऊन, खोलीत उभं राहून द्यावेत. पहिल्या महिन्याचं हॉस्टेल बुक करा, महाग पडलं तरी.

पोरीला शेवटी एका कोल्हापूरच्या मुलाच्या ओळखीने मार्चपर्यंत पोटभाड्याची खोली मिळाली, ७४० युरो. कागदासह.

बँकेने पैसे परत मागवायची विनंती पाठवली होती. परवा उत्तर आलं: समोरच्या बँकेकडून प्रतिसाद नाही, प्रकरण बंद. खाली विनंतीचे ८८५ रुपये खात्यातून वळते केल्याची नोंद. ते वरच्या रकमेत धरलेले नाहीत.