गुलमर्ग फॅमिली स्की पॅकेज: हवामान बिघडलं की या सहलीत काय उरतं?

दिवाळी संपली की पुण्यात गुलमर्गच्या जाहिराती सुरू होतात. पाच रात्री-सहा दिवस, पुणे ते पुणे, विमान, हॉटेल, गंडोला (केबल कार) आणि मुलांना स्कीइंग. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या साच्याच्या पॅकेजचं आहे. आकाश मोकळं असेल तर ही सहल खरोखर सुंदर होते, लहान मुलांना तर आयुष्यभर लक्षात राहील अशी. पण काश्मीरच्या हिवाळ्यात मोकळ्या आकाशाची खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि कार्यक्रम मात्र ती खात्री धरूनच आखलेला असतो.

मोठा दोष क्रमात आहे. नेहमीची मांडणी अशी: आधी श्रीनगरची हाउसबोट, मग पहलगाम, शेवटी गुलमर्गला दोन रात्री आणि तिथूनच थेट विमानतळ. दोन रात्री म्हणजे बर्फावर पुरता एकच दिवस. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवामान प्रणाली, आली की हिमवर्षाव एक दिवसही चालतो, तीन दिवसही. तो नेमका त्या दिवशी आला तर स्कीइंग संपलं. शिवाय परतीच्या सकाळी गुलमर्ग ते तंगमर्ग हा 13 किलोमीटरचा घाट उतरायचा असतो. ताज्या बर्फात तिथे चाकांना चेन लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्यांनाच सोडतात, आणि रस्ता साफ होईपर्यंत तेही थांबवतात. विमान मात्र थांबत नाही.

म्हणून बुकिंग करताना क्रम उलटा करून मागा. श्रीनगरला दुपारी बाराच्या आत उतरणारं विमान, तिथून थेट गुलमर्ग (सुमारे 50 किलोमीटर, कोरड्या रस्त्याला दोन तास, बर्फात दुप्पट धरा), तिथे चार रात्री, आणि शेवटची रात्र श्रीनगरला. पहलगाम सोडून द्या. एका सहलीत दोन्ही बसवायला गेलं की स्कीइंगचाच बळी जातो. कंपनी क्रम बदलायला तयार नसेल तर ते पॅकेज काश्मीर दर्शनाचं आहे असं समजा. त्यात वाईट काही नाही, फक्त ते स्कीसाठी घेऊ नका.

तारखांचंही तसंच. नाताळची सुट्टी सोयीची असते, पण चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, सुरू होतं 21 डिसेंबरला, आणि त्या आठवड्यात उतारावर पुरेसा बर्फ साचलेला असेलच असं नाही. हवामान बिघडणं म्हणजे फक्त वादळ नव्हे. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये बर्फ कमी म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. घरात दहावी-बारावीचं कोणी नसेल तर 26 जानेवारीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. शाळा चार-पाच दिवस बुडेल, बुडू द्या.

आता गंडोला. पॅकेजमध्ये हा शब्द मोठ्या अक्षरात असतो आणि लोकांची सर्वाधिक निराशाही इथेच होते. पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगडोरीला नेतो, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, साधारण 3,950 मीटरवर. दुसरा टप्पा उघड्या कड्यावर असल्यामुळे वाऱ्याने आधी तोच बंद होतो. मोठ्या हिमवर्षावानंतर ऊन पडलं तरी तो लगेच उघडत नाही, कारण वरच्या उतारावर साचलेला बर्फ हिमस्खलनाच्या दृष्टीने आधी तपासावा लागतो. हा उशीर म्हणजे कर्मचाऱ्यांचा आळस नव्हे. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटच्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आणखी एक परदेशी स्कीअर. बंद केबिनसमोर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, ही मनापासून विनंती.

आणि जाहिरातीत न सांगितली जाणारी चांगली गोष्ट ही की पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलांना गंडोला लागतच नाही. सुरुवातीचे उतार गुलमर्गच्या माळावरच आहेत. वर जाणं ही दृश्य बघायची हौस, शिकण्याचा भाग नाही. गंडोला बंद असलेल्या दिवशी, वारा सोसवत असेल आणि समोरचं दिसत असेल, तर खालचा धडा चालू राहू शकतो. म्हणून पॅकेजमधून गंडोला वेगळा काढा, तिकीट स्वतःच्या नावाने ऑनलाइन घ्या. बंद राहिला तर परताव्यासाठी मध्यस्थाच्या मागे धावावं लागत नाही.

'स्कीइंगचा अनुभव' असं लिहिलेलं असेल तर सावध व्हा. त्याचा अर्थ बहुधा तासभर हात धरून ओढणं आणि फोटो. मुलाला थांबता आणि वळता येण्यासाठी किमान तीन अर्धे दिवस हवेत: आधी एका पायात स्की घालून चालणं, मग आडवं चढणं, सपाटीवर घसरणं, टोकं जवळ आणून ब्रेक लावणं, शेवटी वळण. एका प्रशिक्षकामागे चारपेक्षा जास्त मुलं नकोत. एक सत्र हवामानाने गेलं तर दुसऱ्या दिवशी भरून देणार का, हे लेखी घ्या.

भाड्याच्या सामानात घाई करू नका, कारण थंड आणि खराब दिवशी हीच चूक मुलाला रडवते. नवशिक्यासाठी स्कीची उंची छाती ते हनुवटीच्या मध्ये असावी. बुटात एकच पातळ लोकरी मोजा. दोन मोजे घातले की पाय आवळतो, रक्त कमी पोचतं आणि बोटं आणखी गार पडतात. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकावीत, गुडघे वाकवल्यावर थोडी मागे यावीत. बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, आकडा मुलाचं वजन विचारून दुकानदाराने समोर लावायला हवा. न विचारता लावत असेल तर दुकान बदला, कारण घट्ट बाइंडिंग पडताना सुटत नाही आणि गुडघ्यावर येतं. तंगमर्गला मिळणारे लांब कोट आणि गमबूट बर्फात फिरायला ठीक, स्कीला नाहीत.

पुण्यातून न्यायच्या वस्तू थोड्याच, पण नेमक्या हव्यात: माणशी दोन जोड जलरोधक हातमोजे (विणलेले लोकरी हातमोजे बर्फात लगेच भिजतात), सुती बनियनऐवजी सिंथेटिक किंवा लोकरी आतले कपडे, आणि पिवळ्या किंवा गुलाबी काचेचे गॉगल. ढगाळ हवेत बर्फावर सावल्याच पडत नाहीत, त्यामुळे खड्डा-उंचवटा दिसत नाही. गडद काचेने ते आणखी बिघडतं. जीन्स घरी ठेवा. फोनचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. हॉटेलला एकच प्रश्न विचारा: वीज गेली तर खोली कशाने आणि किती तास गरम राहते? गुलमर्ग 2,650 मीटरवर आहे, कळसूबाईपेक्षा हजार मीटर वर, त्यामुळे आजी-आजोबांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा, आणि पहिला दिवस त्यांना पूर्ण विश्रांती द्या.

विमानाची तिकिटं दिल्लीमार्गे असतील तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर आहेत का ते आधी बघा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं आणि श्रीनगरला बर्फ, दोन्हीकडे अडकायची शक्यता असते. स्वस्त पडतात म्हणून तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरी कंपनी तुम्ही आलाच नाहीत असं धरते. हवामानामुळे विमान रद्द झालं तर भरपाई मिळत नाही, पण पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान यांतला पर्याय मिळायलाच हवा.

पॅकेजच्या करारात 'नैसर्गिक कारणांमुळे झालेल्या बदलास कंपनी जबाबदार नाही' हे कलम असतंच. वाढीव रात्रीचा खर्च त्यामुळे तुमच्यावर येतो, हे मान्य करून तेवढे पैसे बाजूला ठेवा. पण न झालेला धडा, न वापरलेली टॅक्सी, न काढलेलं तिकीट यांचे पैसे कंपनीने खर्चच केलेले नसतात, ते मागा. त्यासाठी बुकिंगच्या वेळीच किंमतीची फोड ईमेलवर घ्यायला हवी. नकार आला तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या, म्हणजे पुण्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. विमा घेताना स्कीइंग त्यात धरलंय का ते वाचा. अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्याने परतीला एक खरा पर्याय आला आहे. साधारण तीन तासांचा प्रवास, बराचसा बोगद्यांतून, त्यामुळे महामार्ग बंद असतानाही ती बऱ्याचदा उपयोगी पडते. विमानं रद्द झाल्याची बातमी फिरताच जागा संपतात, म्हणून श्रीनगरची शेवटची रात्र इथेही उपयोगी पडते. कटऱ्याहून जम्मू, आणि जम्मूतवीहून थेट पुण्याला झेलम एक्सप्रेस आहे, पण तिला जवळपास दोन दिवस लागतात. मुलं बरोबर असतील तर जम्मू किंवा दिल्लीहून विमान बघा.