०२१७ चा फोन आणि माझे १४,१६० रुपये

आमच्याकडे जुळे सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे साठवलेल्या पाण्यासाठी शुद्धीकरण यंत्राशिवाय भागत नाही. त्या यंत्राच्या देखभाल कराराची मुदत संपत आल्याचा फोन आला, तेव्हा तो विक्रीचा फोन आहे असे मला वाटलेच नाही. अनोळखी क्रमांक मी उचलत नाही. जाहिरातीचे फोन बंद करण्याची नोंदही १९०९ वर केव्हाच केली आहे. परंतु हा क्रमांक ०२१७ ने, म्हणजे सोलापूरच्याच कोडने, सुरू होणारा होता आणि यंत्रावरच्या स्टिकरवरील सेवा केंद्राच्या क्रमांकाशी अंकन् अंक जुळत होता. मी चष्मा लावून तपासला होता, हे घरच्यांनी लक्षात घ्यावे.

कराराचे ४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२०, एकूण ४,७२०. टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षे हिशेब लिहिलेल्या माणसाचा बिनचूक आकड्यांवर विश्वास बसतो. तसा माझाही बसला.

पैसे भरण्यापूर्वी फोन तुटला. मी त्याच क्रमांकावर उलट फोन केला, तर केंद्रातील मुलीने स्पष्ट सांगितले, "काका, इथून तुम्हाला कुणीही फोन केलेला नाही." तिथेच मी थांबायला हवे होते. उलट मीच तिला सुनावले, की तुमच्या कार्यालयात एकाचा मेळ दुसऱ्याला नाही! दोन मिनिटांनी तोच क्रमांक पुन्हा झळकला. मुलगी नवीन आहे, करार विभाग वेगळा आहे, असे तो गृहस्थ म्हणाला आणि मी क्यूआर कोडवर ४,७२० भरले. पाठोपाठ 'मेम्ब्रेन', म्हणजे यंत्रातला पाणी गाळणारा पडदा, 'बदलण्याचे' ८,००० आणि कर १,४४०, म्हणजे आणखी ९,४४०. पैसे घेणाऱ्याच्या जागी कंपनीचे नव्हे, कुणा व्यक्तीचे नाव दिसत होते. तेही मी वाचले होते.

इंटरनेटवरून फोन लावणाऱ्याला समोर दिसणारा क्रमांक हवा तो घालता येतो. पाकिटामागे पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही काहीही लिहावा, तसाच हा प्रकार. उलट केलेला फोन मात्र खऱ्या मालकालाच लागतो, म्हणून तो उचलणाऱ्याचेच ऐका. विक्रीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करण्याचा नियम आहे. ०२१७ वरून कोणी काही विकू लागला, तर सरळ फोन ठेवा.

लाजेपोटी मी दोन दिवस गप्प राहिलो. तुम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर तासाभराच्या आत फोन करा. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावरील 'चक्षू' ही सोय संशयित फोन कळवण्यासाठी आहे, गेलेल्या पैशांसाठी नाही, हेही मला तिथे अर्धी माहिती भरल्यावर कळले. बँकेने सांगितले, "पिन तुम्हीच टाकलात." १९०९ वरील तक्रारीला उत्तर आले, की या क्रमांकावरून आपल्याला फोन झाल्याची नोंद नाही, सबब तक्रार बंद. अहो, माझी तक्रार तरी दुसरी काय होती? पोलीस ठाण्यात दोन तास बसवून घेतल्यानंतर हवालदारांनी फोन कोणत्या क्रमांकावरून आला एवढेच विचारले, मी स्टिकरवरचा क्रमांक सांगितला आणि त्यांनी तो संशयिताचा म्हणून लिहून घेतला. माझे संपूर्ण म्हणणे ऐकायला त्यांना वेळ नव्हता. त्यामुळे माझ्या अर्जात आज संशयित म्हणून जो क्रमांक आहे, तो मला सावध करणाऱ्या त्या मुलीच्या टेबलावरचा आहे.