व्हिडिओ दुरुस्त करून देतो म्हणाले आणि बाबांचे त्रेचाळीस हजार गेले

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरोघरचे लॅपटॉप विंडोज ११ वर जायला लागले. अपग्रेडनंतर तुमच्याकडे व्हिडिओ चालेनासे झाले असतील तर कुठेही फोन लावण्याआधी हे वाचा. घरातल्या मोठ्यांना तर वाचून दाखवाच.

बाबा कराडला एकटे राहतात. कीर्तनं आणि नातीचे व्हिडिओ बघणं एवढाच त्यांचा लॅपटॉपचा वापर. अपग्रेड झाल्यापासून कुठलाही व्हिडिओ लावला की तो दोन-चार सेकंद चालायचा, पडदा हिरवा व्हायचा आणि प्लेअर आपोआप बंद पडायचा. बाकी सगळं नीट होतं. त्यांनी इंटरनेटवर हेल्पलाइन शोधली आणि सगळ्यात वर दिसलेल्या नंबरवर फोन केला. तो नंबर म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती. तिथे कंपनीचं नाव आणि चिन्ह कुणीही लावू शकतं.

पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. "अंकलजी, आप टेन्शन मत लीजिए." त्याने आधी दुसऱ्याच्या संगणकाचा ताबा घेता येणारं ॲप टाकायला लावलं. अशी ॲप्स ऑफिसांत रोज वापरतात, ती मुळात वाईट नाहीत, पण त्यात दिसणारा नऊ-दहा आकडी कोड अनोळखी माणसाला सांगणं म्हणजे घराची किल्ली देणं.

मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक घटनांची नोंदवही, उघडलं. लाल खुणांच्या ओळीच ओळी. "हे सगळे व्हायरस आहेत, बँकेचं खातंही धोक्यात आहे." पाठोपाठ सर्व्हिसेसची (मागे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) यादी काढून 'स्टॉप्ड' लिहिलेल्या नोंदी दाखवल्या, म्हणे हॅकरने बंद पाडल्यात. बाबा घाबरले. कुणीही घाबरेल, कारण त्या लाल खुणा खऱ्याच असतात. अगदी नव्या कोऱ्या, धडधाकट लॅपटॉपवरही त्या दिसतात, आणि बऱ्याच सर्व्हिसेस गरज पडेपर्यंत बंदच असतात. हे मात्र तो सांगणार नव्हता.

वर्षभराच्या 'सुरक्षे'चे ४,९९९ रुपये यूपीआयने घेतले. थोड्या वेळाने, पेमेंट दोनदा झालंय, जादाचे पैसे परत करायचेत, म्हणून लॅपटॉपवरच नेट बँकिंग उघडायला लावलं. पडदा काळा झाला. "रिफंडसाठी ओटीपी आलाय, तो वाचा." बाबांनी वाचला. ३८,५०० रुपये गेले.

बँकेचा एसएमएस बघून बाबांनी मला फोन केला. मी त्यांना आधी वायफायचा राउटर बंद करायला सांगितलं, म्हणजे त्या लोकांचा ताबा तुटला. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेला कळवून नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करवलं. १९३० ला उशीर करू नका. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात पळवले जातात, ते मधेच कुठेतरी अडवायचे असतील तर मिनिटं महत्त्वाची असतात. आमची काही रक्कम अशीच एका खात्यात गोठवली गेली.

पुढे मी कराडला जाऊन तोच इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. प्लेअर ज्या ज्या वेळी बंद पडला त्या वेळची १००० क्रमांकाची नोंद होती आणि तिच्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल'समोर (म्हणजे बिघाड झालेला भाग) दरवेळी एकच नाव: ग्राफिक्स ड्रायव्हरची, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या भागाला विंडोजशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल. ज्या खिडकीने बाबांना घाबरवलं, तिथेच खरं कारण लिहिलेलं होतं! जुना ड्रायव्हर नव्या विंडोजबरोबर जुळत नव्हता. खात्री करायला व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट/कोडेक्स खाली हार्डवेअर ॲक्सिलरेशन (व्हिडिओचं काम ग्राफिक्सवर सोपवणं) बंद केलं. व्हिडिओ सरळ चालला. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून विंडोज ११ चा ड्रायव्हर उतरवला. खर्च शून्य. अपग्रेड होऊन दहा दिवस झाले नसतील तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक'ने जुन्या विंडोजवरही परतता येतं. (लॅपटॉप मात्र शेवटी मी फॉरमॅटच केला, कारण त्या लोकांनी आत काय पेरून ठेवलंय याची खात्री देता येत नाही. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले.)

विंडोजच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो. आणि पैसे परत घ्यायला ओटीपी लागत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा.

बाबा अजून स्वतःलाच बोल लावतात. त्यांना कुणी "एवढंही कळलं नाही का" म्हटलं की मला संताप येतो. दिवसभर हेच काम करणाऱ्या टोळीसमोर एकटा माणूस बसला होता. अशाच बोलण्याच्या भीतीने लोक तक्रार करत नाहीत.

बँकेशी पत्रव्यवहार चालू आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असा नियम होता, की ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे फोनवर कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लगेच लिहून ठेवा. आमच्याकडे दोन्ही आहेत. गोठवलेली रक्कम परत मिळवायचे प्रयत्नही चालू आहेत.