सातशे किलोची तिजोरी भंगारात दोनशे वीसची होते तेव्हा

घर हलवताना फ्रिज, कपाट, दिवाण यांच्यावरून फारशी लूट होत नाही, कारण त्यांचा अंदाज सगळ्यांनाच असतो. लुटायला अशी एखादी वस्तू लागते जिचं वजन घरात कोणालाच माहीत नसतं. आमच्याकडे ती होती, आबांची तिजोरी. साताऱ्याहून सांगलीला येताना तिच्यापायी आमचे जे हाल झाले ते सविस्तर लिहितेय. बदलीच्या हंगामात सामान हलवणारी हीच मंडळी आणखी कोणाच्या तरी दारात उभी असणार.

आबा म्हणजे माझे सासरे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बारा बोअर आहे. ती ठेवायला त्यांनी मोडीत निघालेल्या एका पतसंस्थेच्या सामानातून ही तिजोरी उचलली, मधले खण काढून टाकले आणि बंदूक आत उभी राहील अशी सोय केली. पाच फूट उंच, दोन फूट रुंद, पावणेदोन फूट खोल. दाराला पितळी मूठ, दाराच्या आत पालीच्या खंडोबाचं स्टिकर. ह्यांची बदली सांगलीला झाली, विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आणि तिजोरी न्यायची की ठेवायची यावर घरात रोज खल सुरू झाला. आबांचं म्हणणं, बंदूक जाईल तिथं तिजोरी जाईल. सासूबाईंचं म्हणणं, त्या धोंड्याला साताऱ्यातच राहू दे.

एका पॅकर्सवाल्याला फोन केला. नाव मोठ्या कंपनीसारखंच होतं, एखाद्या शब्दाचा फरक. त्याने व्हिडिओ कॉलवर खोल्या फिरून दाखवायला सांगितल्या. तिजोरी दिसल्यावर म्हणाला, "वहिनी, एवढी भक्कम तिजोरी, काय सोनंबिनं ठेवता का?" मी सांगितलं, सासऱ्यांची बंदूक असते. तो हसून म्हणाला, "अरे वा, फौजी घर आहे तर!" आणि सगळं धरून १४,५०० सांगितले. तिजोरीसकट, चढउतारासकट. ३,००० ॲडव्हान्स ऑनलाइन गेले. वर सामानाच्या किमतीच्या तीन टक्के ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून घेतले. प्रत्यक्ष बघायला माणूस पाठवा म्हटलं, तर "कशाला, सगळं दिसलं की!"

हलवायच्या दिवशी माणसं वेळेवर आली, कामालाही चांगली होती. भांडी कागदात गुंडाळली, गाद्या बांधल्या, काचेच्या वस्तूंना बबल लावला. फक्त एक केलं. तिजोरीला हात लावला नाही. "ती शेवटी, जड माल शेवटी," असं मुकादम म्हणत राहिला. आता कळतं की जड माल आधी चढवतात, तो ट्रकच्या पुढच्या बाजूला, केबिनला टेकून ठेवतात. शेवटी दाराजवळ ठेवला तर मागचा भाग दबतो आणि ब्रेक लागला की तो माल सगळ्या सामानावर येतो. पण तेव्हा आम्ही चहा करण्यात गुंग.

घर रिकामं झालं, ट्रक भरला आणि मग मुकादम आतल्या खोलीत गेला. तिजोरीवर दोन थापा मारल्या आणि बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, ही सातशे किलोची आहे. माणसांचं काम नाही, हायड्रा लागेल." हायड्राचे, म्हणजे चाकांवरच्या क्रेनचे, आणि जादा लेबरचे मिळून २२,०००. ह्यांनी विचारलं, मग ठरलेल्या पैशाचं काय? तर म्हणे ते साध्या लॉकरचं होतं. त्यावर दुसरा घाव. शस्त्राची तिजोरी म्हणजे वाटेत चेकिंग होणार, तासवडे टोलला गाडी अडवतील, पोलिसांचा पास आणि ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) मिळून ६,५०० वेगळे.

ह्यांचा चेहरा पडला. तो पडावा म्हणूनच हे सगळं होतं. कारण लगेच मुकादम आवाज खाली आणून म्हणाला, "मी काय म्हणतो, एवढा खर्च कशाला करता? इथंच टाका. मी भंगारात लावून देतो, २८ रुपये किलोने. तुमचंही काम झालं."

"किती होतील?" ह्यांनी विचारलं.

त्याने मोबाईलवर हिशोब केला आणि सांगितलं, सहा हजारांच्या आसपास.

इतका वेळ ओट्यावर गप्प बसलेले आबा उठले. फौजी माणूस, हिशोबात कच्चा नाही. "सहा हजार म्हणजे झाले दोनशे पंधरा-वीस किलो. मघाशी सातशे म्हणालास ना? मग सातशेचे पैसे टाक, आत्ता देतो तिजोरी." मुकादम नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "काका, भंगारात आतलं मटेरियल धरत नाहीत." पण तिजोरीच्या आत मटेरियल होतंच कुठे?

नंतर आबांनी ते गणितच मांडलं, आणि ते कोणालाही घरी करता येईल. एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा एका चौरस फुटाला साधारण ७३० ग्रॅम भरतो. आमच्या तिजोरीच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ साडेचव्वेचाळीस चौरस फूट. तळाला बोल्टची भोकं आहेत, तिथं पत्र्याची कड उघडी दिसते. जाडी सहा मिलिमीटर. गुणाकार केला की १९५ किलो. कुलूप, मूठ, बिजागऱ्या, दांडे धरले तर दोनशे वीसच्या घरात. म्हणजे भंगाराचा हिशोब करताना तो अगदी खरं बोलला होता! सातशे किलोही अगदीच हवेतली गोष्ट नाही. आगीपासून वाचवणाऱ्या तिजोरीच्या भिंती दुहेरी असतात आणि मध्ये काँक्रीटसारखा माल भरलेला असतो. याच मापाच्या तिजोरीत दोन इंच भराव असेल तर पाचशे किलो वाढतात. फरक ओळखायला दाराची जाडी बघावी आणि बाजूला बोटाच्या पेराने वाजवावं. नुसता पत्रा घुमतो, भरीव भिंत ठक्क वाजते. त्याने थाप मारली होती ती आम्हाला दाखवायला; स्वतः काय ते त्याला आवाजावरून कळलंच असणार.

हा वाद चालू असतानाच ड्रायव्हर डिझेल टाकून येतो म्हणून ट्रक घेऊन गेला. सगळा संसार त्यात. थोड्या वेळाने फोन, गाडी वाढे फाट्याला उभी आहे, १२,००० टाका तरच पुढे निघेल, नाहीतर गोडाऊनला लावतो आणि गोडाऊनचं भाडं रोजचं. आत सासूबाईंची औषधं, मुलाची शाळेची पुस्तकं, ह्यांची कागदपत्रं. पैसे टाकले. क्यूआर कोडवर नाव निघालं ते ना कंपनीचं, ना ड्रायव्हरचं. तिजोरी साताऱ्यातच राहिली आणि तिच्या नावाने बारा हजार गेले. सांगलीत सामान उतरल्यावर तांब्याचं घंगाळ गायब. इन्शुरन्सची पॉलिसी मागितली तर बिलावरचा ‘इन्शुअर्ड’ असा जांभळा शिक्का दाखवला. पॉलिसी ही विमा कंपनी देते, तिच्यावर नंबर असतो. शिक्का कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात बनतो.

त्याच बिलावरचा जीएसटी नंबर मी मोजला. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. इथे चौदाच होते. पोर्टलवर टाकून बघायला एक मिनिट लागतं, ॲडव्हान्स देण्याआधी ते मिनिट काढा. बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, तीही मागा. आम्हाला दिलं ते नुसतं कोटेशन, त्यावर ट्रकचा नंबरसुद्धा नाही.

पास आणि ई-वे बिलाचं म्हणाल तर दोन्ही थापा. घरगुती वापरलेल्या सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. आणि रिकामी तिजोरी म्हणजे लोखंडी कपाट, तिला कसला आलाय शस्त्राचा पास? कायदा बंदुकीला लागतो, आणि ती हमालांच्या ट्रकमध्ये टाकायची वस्तूच नव्हे. ज्याच्या नावावर परवाना त्यानेच, परवाना जवळ ठेवून, काडतुसं काढून न्यायची. पत्ता बदलला की परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवायचं, नव्या जिल्ह्यातही नोंद करून घ्यायची. आमच्याकडे परवान्यावर सातारच्या जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का, म्हणून आबांनी आधी तिथं अर्ज दिला आणि बंदूक तोवर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घेतली. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा करायची सवय असलेल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं. आणि हो, व्हिडिओ कॉलवर बंदुकीचा उल्लेख करू नका. किती जड एवढंच सांगा, आत काय असतं ते त्याला कशाला?

पोलीस ठाण्यात आधी दिवाणी बाब म्हणून वाटेला लावायला बघितलं. आबांनी घरून नीट अर्ज लिहून नेला होता. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचं, ३०८ खंडणीचं, आणि ३१६(३) खास वाहतूकदाराने सोपवलेल्या मालाचा अपहार केला तर. ही कलमं वाचल्यावर अर्ज दाखल करून पोच मिळाली. ट्रक अडवून धरलाय तेव्हाच ११२ लावा, पैसे दिल्यावर नाही. गाडी रस्त्यावर उभी असते तोवरच तुमचं चालतं. सांगलीतल्या ओळखीच्या वकिलांनी आणखी एक सांगितलं जे मला माहीत नव्हतं. रस्तामार्गे माल वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखाली हरवलेल्या मालाचा दावा करायचा तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेली पाहिजे. आम्ही ती रजिस्टर पोस्टाने पाठवली, परत आली, पाकीट न फोडता जपून ठेवलंय. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही.

आता मूळ प्रश्न, न्यायची की नाही. वजन कळल्यावर तो फारसा उरला नाही. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाटी आहे, ६ व्यक्ती, ४०८ किलो. तिजोरी दोनशे वीसची आणि बरोबर चार हमाल म्हटले तर लिफ्ट तिथंच संपली. जिन्याने नेली तर प्रत्येक वळणावर फरशी आणि कोणाचा तरी पाय. तळमजल्यावर घर असतं तरी सांगलीत मी दहादा विचार केला असता. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती; पाणी दारात आलं की टीव्ही माळ्यावर जातो, तिजोरी जात नाही.

शेवटी तिजोरी साताऱ्यात चुलत दिरांच्या तळघरात गेली, त्यांच्याकडे दागिने ठेवायला कामी येईल. गावातल्याच क्रेनवाल्याने, आधी येऊन बघून, लिहून देऊन, पाइपच्या तुकड्यांवर सरकवत नेली. हायड्रा लागला नाही. सांगलीत कुपवाडच्या एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून तीन मिलिमीटरच्या पत्र्याचं उंच, अरुंद कपाट करून घेतलं. दोन माणसांनी लिफ्टने आणलं आणि मागून भिंतीत चार अँकर बोल्ट मारले. आबा सुरुवातीला नाक मुरडत होते. पण जड तिजोरी चोर नेणार नाही आणि भिंतीला जखडलेलं हलकं कपाटही नेणार नाही, हे त्यांना पटलं.

तक्रार आयोगात आहे. घंगाळाची किंमत किती लावायची यावर आबा आणि सासूबाईंचं अजून एकमत झालेलं नाही. सासूबाई माहेरचं म्हणून दुप्पट सांगतात, आबा तांब्याचा भाव धरून बसलेत.