खाज लेटेक्सची की वरच्या लेपाची? कंडोम बदलताना काय घ्यावं

कंडोम वापरल्यावर खाज सुटली, आग झाली की अनेक जोडपी कंडोमच सोडून देतात. गर्भधारणा आणि गुप्तरोग या दोन्हींपासूनचं संरक्षण त्यात एकदमच जातं. त्यापेक्षा त्रास कशाचा आहे ते आधी शोधा.

मेडिकलमध्ये मिळणारं जवळपास प्रत्येक पाकीट लेटेक्सचं, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाचं असतं. तरी दोष लेटेक्सचाच असेल असं नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. 'जास्त वेळ'वाल्या कंडोममध्ये बहुधा बेंझोकेन हे बधिर करणारं औषध असतं आणि काहींना त्याचीच अ‍ॅलर्जी असते. नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्रजंतुनाशक तर घेऊच नका. त्याने योनीचा नाजूक थर सोलवटतो आणि वारंवार वापरल्यास एचआयव्हीचा धोका उलट वाढतो. स्ट्रॉबेरी-चॉकलेटचे स्वाद-सुगंधही नाजूक त्वचेला झोंबतात. त्रास किरकोळ असेल, तर आधी साधा, बिनवासाचा, बिनऔषधाचा लेटेक्स कंडोम वापरून पाहावा. तो स्वस्त आहे आणि कुठेही मिळतो.

फुगा फुगवताना ओठ सुजत असतील, रबरी हातमोज्यांनी हात खाजत असतील, किंवा केळं, किवी, अ‍ॅव्होकाडो खाल्ल्यावर तोंडाला खाज येत असेल, तर मात्र हा प्रयोग नको. तिथे लेटेक्समधल्या प्रथिनांवरच संशय घ्यावा. ही अ‍ॅलर्जी काही मिनिटांत दिसते: गांधी उठतात, सूज येते. धाप लागली किंवा चक्कर आली तर लगेच १०८ला फोन करा. लाल चट्टे एक-दोन दिवसांनी उठत असतील, तर रबर पक्कं करताना वापरलेली रसायनं बाधत असण्याची शक्यता जास्त.

मग उरतात दोन मुख्य पर्याय. पॉलिआयसोप्रीन हे कारखान्यात बनवलेलं रबर. त्यात झाडाची प्रथिनं नसतात, ताण लेटेक्ससारखाच, स्पर्श मऊ. पॉलियुरेथेन हे पातळ प्लास्टिक. ऊब छान पोचते, रबराचा वास नाही, पण ते कमी ताणतं, म्हणून फाटण्या-निसटण्याचं प्रमाण लेटेक्सपेक्षा जास्त. माझं मत विचाराल तर आधी पॉलिआयसोप्रीन घ्या. पण चट्टे उशिरा उठणाऱ्यांनी पॉलियुरेथेनकडे वळावं, कारण पॉलिआयसोप्रीन बनवतानाही तशीच रसायनं वापरली जाऊ शकतात. दोन्ही महाग आहेत, आणि गल्लीतल्या मेडिकलमध्ये नसतील तर ऑनलाइन मागवावे लागतात.

तेलाबाबत मात्र दोघांत मोठा फरक आहे. आपल्याकडे हाताशी खोबरेल असतं, व्हॅसलीन असतं. लेटेक्स आणि पॉलिआयसोप्रीन दोन्ही तेलाने काही मिनिटांत कमजोर होतात. त्यांच्यासोबत पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंटच वापरा. पॉलियुरेथेनला तेल चालतं.

स्त्रियांसाठीच्या कंडोममध्ये एक गफलत होते: तो लेटेक्समुक्तच असणार असं धरलं जातं. एफसी२ नावाचा स्त्री-कंडोम नायट्राइल या कृत्रिम रबराचा आहे, तो चालेल. पण नाशिकजवळ सिन्नरला कारखाना असलेल्या क्युपिड कंपनीचा स्त्री-कंडोम नैसर्गिक लेटेक्सचा म्हणूनच ओळखला जातो. मेंढीच्या आतड्याचे कंडोम परदेशी साइटवर दिसतात, ते गर्भधारणा रोखतात, एचआयव्ही रोखत नाहीत. त्या फंदात पडू नका.

मापही पाहा. पाकिटावर ४९ किंवा ५३ मिमी अशी रुंदी छापलेली असते. घट्ट कंडोमच्या घर्षणाने होणारी आग अ‍ॅलर्जीसारखीच वाटते.

सगळं बदलूनही खाज राहिली, दह्यासारखा पांढरा स्राव दिसला, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. कंडोमशिवाय त्रास होतो आणि कंडोम घातल्यावर थांबतो, असं असेल तर वीर्याची अ‍ॅलर्जी तपासावी लागते. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना वापरलेलं पाकीट सोबत न्या, म्हणजे त्यातल्या कोणत्या घटकाची चाचणी करायची ते त्यांना ठरवता येईल. लेटेक्सची अ‍ॅलर्जी पक्की निघाली, तर दातांच्या डॉक्टरांना आणि कुठल्याही ऑपरेशनआधी सर्जनना ती आवर्जून सांगा. त्यांना हातमोजे वेगळे घ्यावे लागतात.